शमुवेलकाकांची साक्ष

शमुवेलकाका रणपिसे वारले तेव्हा माझी नोकरी सुरगाण्याला होती. रूथकाकूंचा फोन आला. "मॅडम, तुमचे काका गेले," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "सकाळपर्यंत चालत होते." माणूस गेल्याचं सांगताना तो चालत होता हे कोणी सांगेल का? पण ज्यांनी काकांना पाहिलंय त्यांना काकूंचं म्हणणं बरोबर कळेल. हा माणूस एका जागी बसायचाच नाही. चहासुद्धा अंगणात येरझारा घालत प्यायचा, आणि कपबशी कुठल्या कठड्यावर राहिली ते नंतर काकूंनी शोधायचं.

मी त्यांच्यावर चिडले होते आणि अजूनही चिडलेलीच आहे. जिवंत माणसावर चिडलं तर भांडून मोकळं होता येतं. गेलेला माणूस ना भांडतो ना समजूत काढतो, आणि आपण आपले वर्गात फळ्यावर गणित लिहिता लिहिता त्याला सुनावत बसतो. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

नाशिकमध्ये आमच्या घरापासून दुसरं घर त्यांचं. आम्ही बौद्ध, ते ख्रिस्ती. सकाळी मी "जयभीम काका" म्हणायचे, ते "सलाम मॅडम" म्हणायचे. मराठी ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलाम करतात, हे मला त्यांच्या शेजारी राहायला आल्यावर कळलं. कॉलनीत नवीन आलेल्या भाडेकरूंना वाटायचं, हे गृहस्थ मुसलमान असावेत. काका खुलासा करत नसत. "वाटू द्या की. सलाम तर पोचला ना?" म्हणायचे.

ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासनीस होते. कारागिराने काम केल्यावर ते पुन्हा तपासायचं आणि सही करायची, एवढीच नोकरी. "माझ्या सहीवर माणूस आकाशात जातो मॅडम. सही खोटी असली तर खाली येतो, पण वेगळ्या रीतीने." निवृत्तीनंतर विमानं सुटली, तपासणी काही सुटली नाही. रस्त्याने जाताना दिसेल ती वस्तू हलवून बघायचे. चेंबरचं झाकण पायाने दाबून बघायचे, बसथांब्याचा खांब हाताने हलवून बघायचे. मतदानाच्या दिवशी शाळेत मतदान यंत्र ठेवलेलं टेबल हलवून बघितलं म्हणून केंद्राध्यक्षाने त्यांना बाहेर काढलं होतं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आले, तर केक कापायच्या आधी टेबल हलवलं. टेबल हललं. पायाखाली कागदाची घडी घातली तेव्हा कुठे आमच्या हातात सुरी आली.

केक अर्थात रूथकाकूंचा. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे काकूंची भट्टीची खोली. मोठा ओव्हन, ओटा, पिठाचे डबे, भिंतीवर लाकडी चमचे. नाताळच्या आधी महिनाभर त्या खोलीचा वास आमच्या पडद्यांना लागायचा. काकू तशा अबोल. पण त्या खोलीत गेल्या की त्यांचा आवाज बदलायचा, हुकूम सोडायच्या. काकासुद्धा तिथे विचारून आत जात. मला वाटतं, त्या घरात काका फक्त तिथेच काही हलवून बघत नसत.

आता त्यांची रविवारची गोष्ट. ख्रिस्ती उपासनेत सत्तेवर असलेल्यांसाठी प्रार्थना करायची रीत आहे. बाकीचे राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री एवढ्यावर आटोपतात. काकांची पाळी आली की प्रार्थना दिल्लीहून निघायची, मुंबईत जरा टेकायची आणि थेट आमच्या वॉर्डात शिरायची. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना सुबुद्धी दे. आरोग्य निरीक्षकबाईंच्या संसारात शांती दे. व्हॉल्व्हमन दगडूच्या गुडघ्याला आराम दे, म्हणजे तो वेळेवर येईल. सगळी नावं, हुद्द्यासकट. पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, एकदा वैतागून म्हणाले, "रणपिसे, देवाला सगळं ठाऊक असतं. एवढा तपशील कशाला?"

"देवाला असतं, साहेब. मंडळीला नसतं," काका म्हणाले.

खरी गंमत सोमवारी. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे. "साहेब, काल तुमच्यासाठी प्रार्थना केली." एक साहेब घाबरलेच. "का? मला काय झालंय?" दुसरे म्हणाले, "काका, तुम्ही आधी काम सांगा." दगडू व्हॉल्व्हमन तेवढा खूश. "काका, पोरगी बारावीला हे. पुढच्या रईवारी तिचं बी नाव टाका." कार्यालयात कोणी खुर्ची दिली तर काका बसत नसत. म्हणायचे, "बसलं की आपण वाट बघायला लागतो. उभं राहिलं की समोरच्याला चैन पडत नाही." त्यांना स्वतःला कधीच चैन पडत नसे, ती बेचैनी त्यांनी अशा रीतीने कार्यालयात वाटून टाकली होती.

पाळकसाहेबांना हे सगळं पसंत नव्हतं. ते वाईट गृहस्थ नव्हते, सावध होते. माझ्यासमोरच एकदा म्हणाले, "आपण मूठभर माणसं. उगाच कोणाच्या डोळ्यावर येऊ नये."

"डोळ्यावर नाही आलो तर पाणी नाकात जाईल, साहेब," काका म्हणाले आणि चर्चच्या कंपाउंडचं फाटक हलवून बघायला गेले.

वॉर्डाचे माजी नगरसेवक अण्णा. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. निवडणूक जवळ आली की अण्णांना सगळे धर्म आठवत. आमच्या विहाराला त्यांनी पंखे दिले, ख्रिस्ती मंडळीला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. खुर्च्यांच्या पाठीवर अण्णांचं नाव, हात जोडलेल्या चित्रासकट. रविवारी अण्णा स्वतः पहिल्या रांगेत स्वतःच्याच नावाला टेकून बसले. त्या दिवशी नेमकी प्रार्थना काकांकडे. त्यांनी खुर्च्यांबद्दल देवाचे मनापासून आभार मानले. मग अण्णांना यश, आरोग्य, सद्बुद्धी मागितली. आणि त्याच दमात, तेवढीच लांब प्रार्थना अण्णांच्या विरोधातल्या उमेदवारासाठी केली, नाव घेऊन. मंडळी खाली माना घालून हसत होती. अण्णा बाहेर पडताना काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुमचा देव पक्ष बघत नाही वाटतं." काका म्हणाले, "नाही. म्हणून तर खुर्च्या ठेवून घेतल्या."

असा माणूस. मला तो आवडायचा, हे सांगायला नको.

आता नाला. आमच्या कॉलनीच्या कडेने एक नाला जातो. त्याच्या उताराला खालची गल्ली. तिथे पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेली माणसं पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहतात. आमच्याकडे धुणंभांडी करणारी शेवंता तिथलीच. जोराचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी तिच्या घरात. कारण वर, आमच्याकडे, नाला आवळत आवळत आणलेला. कोणी त्यावर स्लॅब टाकून गाडी लावली, कोणी बाग केली. अण्णांनी तर अख्खी दुकानांची रांग उभारली. अवकाळीच्या एका झोडपणीत शेवंताचं धान्य, पोरांची दप्तरं, सगळं भिजलं. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली आणि पदर पिळत मला म्हणाली, "बाई, पानी खालून नाय आलं, तुमच्याकडून आलं." माझं घर नाल्याला लागून नाही, पण ते उत्तर होतं का?

काका तिच्या घरी जाऊन आले. आले ते सरळ अंगणात फेऱ्या मारायला लागले. त्यानंतर महिना-दीड महिना त्यांनी महापालिकेच्या कार्यालयाचा पिच्छा पुरवला आणि शेवटी तिथल्या साहेबांनी नाल्यावरच्या अतिक्रमणांबाबत सुनावणी लावली.

सुनावणीला मी काकूंना घेऊन गेले. खालच्या गल्लीतली माणसं भिंतीला टेकून उभी, कॉलनीतली माणसं खुर्च्यांवर. जो उठला त्याने शेजाऱ्याचं सांगितलं. बागवाल्याने गाडीवाल्याचं, गाडीवाल्याने दुकानांचं. मुलांना शाळेत मी 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' ही म्हण शिकवते. त्या दिवशी सगळा वर्गच तिथे भरला होता. मग अण्णांचे वकील उठले. त्यांचं म्हणणं, नाला पूर्वीपासून एवढाच आहे. "नाला बुजवताना प्रत्यक्ष कोणी पाहिलंय? साक्ष द्यायला कोणी आहे का?"

आणि इथे सगळा घोटाळा झाला. घोटाळा एका शब्दाचा. आपल्याकडे साक्ष म्हणजे दुसऱ्याने काय केलं ते सांगणं. ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे माणूस सगळ्यांसमोर उभा राहतो आणि आधी आपण काय चुकलो ते सांगतो, मग देवाने त्याला कसं वळवलं ते. काका जन्मभर तीच साक्ष ऐकत आणि देत आले. ते उठले. कोटाचं बटण लावलं, क्षणभर डोळे मिटले.

"सर्वांना सलाम," ते म्हणाले. "मी शमुवेल रणपिसे. नाला बुजवताना मी पाहिलं आहे, कारण सुरुवात मी केली. तिथे मोठा नाला होता. आत म्हशी उतरायच्या. माझी पुढची खोली त्याच्यावर आहे. स्लॅब मी टाकला, दिवसाढवळ्या टाकला, आणि मला काही वाटलं नाही. मी विमानाचा खिळा न् खिळा तपासायचो, स्वतःच्या घराखाली काय आहे ते बघितलं नाही. माझं बघून अण्णांनी टाकला. अण्णांचं बघून बाकीच्यांनी. शेवंताबाईंच्या घरात जे पाणी गेलं त्यात माझं पाणी आहे. मी त्यांची माफी मागतो."

भिंतीपाशी शेवंता तोंडावर हात ठेवून उभी. साहेबांचा कारकून भराभर लिहून घेत होता. माझ्या शेजारी काकू. त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले होते. हळूच मला म्हणाल्या, "मॅडम, त्यांनी आत्ता माझी खोली सांगितली ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी परत येताना रिक्षात काकू एकच वाक्य बोलल्या. "अहो, ती चर्चमधली साक्ष नव्हती. कार्यालयातली होती." काका बाहेर बघत होते.

पुढे जे झालं ते कोणीही सांगू शकलं असतं, काका सोडून. अण्णांनी कोर्टातून स्थगिती आणली. बागवाल्याने, गाडीवाल्याने त्यांच्याच वकिलाला धरलं. राहिले एकटे काका, आणि त्यांचं तर कबुलीचं म्हणणं सहीनिशी लिहून घेतलेलं. साहेब स्वतः घरी आले. फार अदबीने म्हणाले, "काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमचं कबूल आहे, आणि मला कुठूनतरी सुरुवात दाखवायची आहे." काका म्हणाले, "माझ्यापासूनच करा. झाली होती माझ्यापासूनच." कॉलनी म्हणाली, म्हातारा घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायचा, आता घरची चूलच देऊन बसला. नेहमी मी अशा बोलण्यावर भांडते. या वेळी भांडले नाही.

जेसीबी यायचा त्या सकाळी मी गेले, तर काकू त्या रिकाम्या खोलीत केर काढत होत्या. ओव्हन मागच्या दारी नेलेला, डबे बैठकीत रचलेले. केर काढून झाल्यावर त्यांनी फडकं ओलं केलं आणि ओटा पुसायला घेतला.

"काकू, पाडणार आहेत ती. पुसताय कशाला?"

"मग काय घाणेरडी खोली दाखवू लोकांना?" त्या म्हणाल्या. ओटा पुसून झाला. फडकं पिळून त्यांनी दोरीवर वाळत घातलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पाडापाड होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. काका जेसीबीवाल्याला त्याचं नाव विचारत होते, रविवारसाठी. मला त्या क्षणी तो सगळा भलेपणा नकोसा झाला.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. ते उघड्या पडलेल्या नाल्याच्या कडेला येरझारा घालत होते. त्यांच्या घरापुरता नाला रुंद, पुढे अण्णांच्या दुकानांपाशी पुन्हा आवळलेला. त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे माझ्या पाचवीतल्या पोरांनीही सांगितलं असतं.

"काका, साक्ष तुमची होती. खोली काकूंची होती," मी म्हणाले.

"आमची दोघांची होती, मॅडम."

"तुम्ही कधी विचारल्याशिवाय आत जात नव्हता. मग त्यांना विचारलंत?"

ते थांबले. "विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

"मग?"

"मग मला बोलता आलं नसतं." थोडं चालून परत आले. "आणि बोललो नसतो तर रविवारी त्या साहेबाचं नाव कुठल्या तोंडाने घेतलं असतं? मी त्याला सद्बुद्धी मागत होतो आणि त्याच्या नाल्यावर राहत होतो. पण तुम्ही म्हणता तेही खरंय. मला झोप लागत नाही मॅडम. खोलीमुळे नव्हे. ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून."

मी त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मला नाही वाटत. मी घरी आले.

त्या पावसाळ्यात शेवंताच्या घरात पाणी शिरलं नाही. मी तिला विचारलं, नाला उघडल्याने का गं? ती खो खो हसली. "काय म्हाईत बाई! अवंदा पाऊसच कुठं झाला?" पण मग भांडी विसळता विसळता म्हणाली, "माफी मातर मागितली त्यांनी. माज्या म्हाताऱ्याच्या जन्मात कोनी आमची माफी नाय मागितली." यातलं काय खरं धरायचं ते मला आजही ठरवता येत नाही. काकांच्या पारड्यात टाकावं तर काकूंचा पुसलेला ओटा दिसतो, आणि काकूंच्या पारड्यात टाकावं तर शेवंता.

काकूंनी ऑर्डरी घेणं बंद केलं. मागच्या दारी ताडपत्रीखाली ओव्हन नुसता झाकून ठेवलेला. नाताळ आला, आणि आमच्या पडद्यांना कसलाच वास लागला नाही. जानेवारीत माझी सुरगाण्याला बदली झाली. निघायच्या आधीच्या आठवड्यात काकू आमच्या दाराशी आल्या. "मॅडम, या रविवारी चर्चमध्ये या. साक्षी आहेत. मी उभी राहणार आहे."

"तुम्ही?" मी विचारलं. मंडळीत बोलणारे काका. काकू कधी उभ्या राहिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"हो, मी," त्या म्हणाल्या.

मी गेले. बायकांच्या बाजूला मागे बसले. पुरुषांच्या बाजूला दाराजवळ काका, कोट घालून. दोन-तीन जणांच्या साक्षी झाल्या. कोणाचं दारूचं व्यसन सुटलं, कोणाचा दुरावलेला भाऊ घरी आला. प्रत्येक साक्षीनंतर सगळी मंडळी एका आवाजात आमेन, म्हणजे 'खरं आहे, तसंच असो', म्हणायची. मग पाळकसाहेबांनी रूथबाई रणपिसे असं नाव घेतलं. काकू उठल्या. काकांनी झटकन मान वर केली. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"माझ्या नवऱ्याने खरं सांगितलं," काकू म्हणाल्या. आवाज बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. "ते खरं होतं. ती खोली तिथे नको होती, हे मला आता कळतं. खालच्या बायांच्या घरात पाणी जायचं, तेही कळतं. पण खोली माझी होती आणि मला विचारलं नाही. इथे सगळे सांगतात, देवाने मला बदललं. मला अजून बदललं नाही. मी त्यांना क्षमा केलेली नाही. रोज करायला जाते, होत नाही. मला खोटी साक्ष द्यायची नाही, म्हणून आहे ते सांगते. माझ्यासाठी प्रार्थना करा. झालं."

कोणी आमेन म्हणालं नाही. क्षमा झाली नाही याला आमेन कसं म्हणायचं, हेच मंडळीला कळेना. पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायला लागले. पुढच्या बाईने मागे वळून बघितलं आणि पुन्हा मान फिरवली. मला रडू फुटलं होतं, आणि राग तसाच होता.

तेवढ्यात दाराजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका उभे राहिले होते. दोन्ही हात कोटाच्या बाजूला, ताठ.

"आमेन," ते म्हणाले. एकटेच.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बसल्या.